चार्ज कोणाकडं

निलंग्यात मे महिन्यात रात्री दोनलासुद्धा
गच्चीची फरशी दुपार विसरत नाही.
टाकीला पाठ लावून बसलेय.
मांडीवर लॅपटॉप, पुढ्यात एक उघडा बोर्ड,
त्याला चिकटपट्टीनं बांधलेली बॅटरी
आणि तिच्या पोटाला मसुरीएवढा सेन्सर.

अप्पा बाजेवर. झोपलेत म्हणायचं.

"शिवे, काय करायलीस अजून?"
सस्पेंडचं बघतेय.
"कोणाला केलं सस्पेंड?"
यंत्राला, अप्पा. पडदा बंद, सगळी कामं
जिथल्या तिथं गोठवलेली,
खाली कर्नेलसुद्धा डोळे मिटून.
वायर मात्र लावलेलीच. करंट आत येतोच आहे.
अप्पा कुशीवर वळले.
"मग सस्पेंड असताना चार्ज कोणाकडं?"

मी हसले, आणि मध्येच थांबले.
तीन आठवडे सहाशे ओळींत
हेच विचारत होते मी,
इतकं नीट नव्हतं जमलं.

घड्याळाची एक चिप तेवढी जागी असते.
दर दहा मिनिटांनी ती कर्नेलला कोपरानं ढोसते,
ऊठ, तापलीय का बघ.
कर्नेल उठतं,
आणि माझ्या कोडात, उठलं की अख्खं घर उठवतं.
पडदा लागतो, वायफाय दारोदार हाका मारतं,
गोठलेली कामं डोळे चोळत विचारतात, कोण आलं?
कोणी नाही. झोपा.
तोवर त्या धावपळीनंच
बॅटरी दोन अंश वर गेलेली.

अप्पांनी तेहतीस केव्हीच्या सबस्टेशनात
एकतीस वर्षं काढली, बहुतेक रात्रपाळीच.
दर तासाला उठायचं, हातात बॅटरी,
म्हणजे टॉर्च, तेव्हा आम्ही तिलाच बॅटरी म्हणायचो,
ट्रान्सफॉर्मरच्या डायलवर उजेड मारायचा,
तेलाचं तापमान आणि भार लॉगबुकात लिहायचा,
परत खुर्चीत.
गावाला पत्ता नसायचा. पगार त्याचाच होता.

एकदाच लागला पत्ता.
काटा नव्वदच्या पुढं सरकला
आणि अप्पांनी फीडर पाडला,
नेमकी कुणा पुढाऱ्याच्या भाच्याची वरात वेशीत असताना.
बँड अंधारात वाजत राहिला थोडा वेळ.
मग माणसं गेटवर आली.
लाइनमन खाजाभाईंनी आतून कुलूप घातलं
आणि शिव्या मोजत बसले, असं ते अजून सांगतात.

लॉगबुकात एकच ओळ आहे:
२३:१०, ९२, फीडर बंद.

एकवीस दिवस सस्पेंड. कारण, विनापरवानगी.
त्या एकवीस रात्री अप्पा घरी असून
दर तासाला उठायचे,
ओसरीत उभं राहून गावातले दिवे बघायचे,
परत पडायचे.
मी नववीत होते. आईला वाटायचं, लघवीचा त्रास.
तिनं गोखरूचा काढासुद्धा दिला.
त्यांनी तो पिला.

तो ट्रान्सफॉर्मर अजून चालतो.

अडीच वाजता मी कोडातली चाळीस ओळी खोडल्या.
उठायचं तेवढं एकट्यानं.
सेन्सर वाचायचा.
पंचेचाळीसच्या वर असेल तर चार्जिंग तोडायचं,
कोणाला विचारायचं नाही,
पडद्याला तर नाहीच.
आणि पुन्हा झोप.

मग बोर्ड झोपवून अंधारात बसून राहिले.
दहा मिनिटं. काहीच नाही.
आणखी दहा.
पडदा काळाच. मीटरचा आकडा तेवढा
क्षणभर हलला, झोपेत कुणी नाक खाजवावं तसा.
नंतरच्या खेपेला शून्यावर आला.
त्रेसष्ट टक्क्यांवर तोडलं होतं.
असलाच कुणाचा फोन उद्या सकाळी
त्रेसष्टवर मिळेल, आणि तो म्हणेल,
रात्रभर लावला की रे, मायला.

तीनला बाज करकरली.
अप्पा उठून बसले, गुडघ्यावर हात टेकत आले,
बॅटरीजवळ हाताची पालथी बाजू धरली,
न लावता.
"तापलीय."
तोडलंय त्यानंच, म्हटलं.
"बरं केलं,"
आणि बाजेकडं जाता जाता,
"लिहून ठेवलं का?"